सोबत, दर मंगळवारी

गेल्या पावसाळ्यात माझ्या चिठ्ठीवर तीन औषधं होती. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, नाश्त्यानंतर बीपीची, आणि दर मंगळवारी दुपारी शैलजा पानगावकर. हसू नका. मगर डॉक्टरांच्या दवाखान्यातून रीतसर लिहून आलेलं होतं आणि दर महिन्याला रिपीट होत होतं.

मी मंदाकिनी ढवळे. बार्शीच्या एसटी स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारायचं काम केलं, रिटायर होईपर्यंत. नवरा गेला त्याला चार वर्षं झाली. मूलबाळ नाही. बोलायची सवय मात्र गेली नाही, त्यामुळे मी कुकरशी बोलते, पालीशी बोलते, टीव्हीवरच्या बाईला तिची साडी कशी दिसते तेही सांगते. भांडायला मात्र समोर जिवंत माणूस लागतं.

पूर्वी गोळ्या संपल्या की दवाखान्यात जावंच लागायचं. थोरले मगर डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. बाकड्यावर तासभर बसायचं, शेजारणीच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकायची, आपल्या गुडघ्याची तिला सांगायची. मग नंबर लागला की डॉक्टर मागच्या चिठ्ठीकडे बघून म्हणायचे, "हेच चालू ठेवा." तेवढ्यासाठी अर्धा दिवस! मी किती बोटं मोडायची त्या बाकड्यावर बसून. मग डॉक्टर गेले, त्यांची लेक तन्वी दवाखान्यात बसायला लागली आणि घरोघरी गोळीपेटी आली.

पेटी दिसायला मिक्सरएवढी. माझी ओट्यावर आहे. दंडावर रुपयाएवढा ठिपका चिकटवलेला असतो. तो कातडीतून रक्त वाचतो, म्हणजे बीपी, साखर, कालच्या गोळीतलं औषध अंगात किती उरलंय, सगळं. ते पेटीला कळतं आणि पेटी आजची गोळी आजच दाबून काढते. काल लोणचं जास्त झालं असेल तर आजची गोळी किंचित कडक. महिनाअखेरीस ती विचारते, "मंदाकिनीताई, पुढच्या महिन्याची औषधं चालू ठेवू का?" आपण हो म्हणायचं. दवाखान्यातून मंजुरी येते आणि औषधाची नळकांडी उडतयंत्रानं गॅलरीत येऊन पडते. दवाखान्याची पायरी चढायची गरजच नाही. मला केवढं बरं वाटलं होतं, म्हणून सांगू. सुटले एकदाची त्या बाकड्यातून, असं सगळ्यांना सांगत फिरले. पुढे सांगायलाही कुणी भेटेना.

मग एक दिवस पेटी म्हणाली, "डॉक्टरांनी भेटायला बोलावलं आहे."

मी इस्त्रीची साडी नेसून गेले. दवाखाना ओळखू येईना. बाकडं काढून तिथं कुंड्या ठेवल्या होत्या. आत तन्वी एकटीच पडद्यासमोर बसलेली.

"काकू, तुमचं बीपी गोळीनं उतरत नाहीये. डोस तीनदा वाढवला. पथ्यही तुम्ही पाळता," ती म्हणाली. "मग मी मागचं सगळं काढून बघितलं. पेटी घरी आली त्या महिन्यापासून ते चढत गेलंय."

"म्हणजे पेटी खराब आहे."

"पेटी चांगली आहे. तुमचं इथं येणं बंद झालं."

मग तिनं मला समजावलं. पोरगी समजावते छान, बापासारखी घाईत नसते. म्हणाली, माणूस हजारो वर्षं टोळीनं राहिला. टोळीपासून तुटला की त्याच्या शरीराला वाटतं, आता कधीही कुणी अंगावर येईल, जखम होईल. म्हणून रक्तातल्या पेशी आधीच लढायच्या तयारीत बसतात. लढाई काही होत नाही, पण त्या उठतही नाहीत. त्यानं अंगात बारीक सूज राहते, रक्तवाहिन्या आखडतात, झोप उथळ होते. पूर्वी हे नुसतं म्हणायचे, आता ठिपक्याला मोजता येतं. चार-पाच गोष्टी मिळून एक आकडा काढतात, त्याला एकलांक म्हणतात. दहाच्या आत असावा.

"माझा किती?"

"सदतीस."

कुणी चारचौघांत आपल्या डोक्यातली ऊ काढून दाखवावी, तशी मला लाज वाटली. म्हटलं, "एकटी राहते म्हणजे काय रोग झाला का गं मला? आमच्या गल्लीतली म्हातारी जन्मभर एकटी आहे, काठीनं पोरं हाणते अजून."

"तिचा आकडा पाच असेल. एकट्या राहणाऱ्या कितीतरी लोकांचा असतो," तन्वी म्हणाली. "तुमचा नाहीये." आणि तिनं लिहिलं. सोबत, आठवड्यातून एकदा, दीड तास. रिपीट. म्हणाली, मंगळवारी दवाखान्याकडून एक बाई येतील.

घरी येईपर्यंत मी तिच्या नावानं बडबडत होते. सोबत काय चिठ्ठीवर लिहून द्यायची गोष्ट आहे? पण सोमवारी गॅलरी धुऊन काढली हेही खरं.

मंगळवारी जी बाई आली ती उंच, साखळीला लटकलेला चष्मा, आणि काखेत स्वतःची उशी. "पाठीला लागते," म्हणाली. कोर्टासमोर पानगावकर झेरॉक्स म्हणून दुकान होतं ना, ते हिचंच. मला वाटलं, दुकान बंद झाल्यावर दवाखान्यात कामाला लागली असेल, फिरती नर्सबाई असते तशी. म्हणून मी पहिल्या दिवशी सरकारी माणसापुढं बसावं तशी बसले.

"चहा टाकते."

"नको नको, आत्ताच झाला."

"अहो, अर्धा कप."

"नको हो, कशाला त्रास?"

"त्रास कसला त्यात? मलाही घ्यायचाच आहे."

"बरं, मग अगदी अर्धा."

भरून कप दिला, तळाशी थेंब ठेवला नाही बाईनं. शिवाय म्हणाली, "आलं कमी घालता तुम्ही." पहिल्याच दिवशी! मला इतका राग आला की रात्री झोप छान लागली.

पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम आलं जास्त घातलं, तर म्हणाली घसा जळतो. मी तिनं आणलेल्या शेंगाचटणीत लसूण जास्त झालाय म्हटलं, तिनं माझे धपाटे चामड्यासारखे आहेत म्हणून सांगितलं आणि तीन खाल्ले. झब्बू खेळताना ती सरळ सरळ पत्ते लपवायची. धरलं तर म्हणायची, "कोर्टासमोर आयुष्य गेलंय माझं, पुरावा दाखवा." लोक काय काय झेरॉक्स करायला आणायचे ते सांगायची. एकानं म्हणे रुसून माहेरी गेलेल्या बायकोचं पत्र दहा वेळा करून घेतलं, का ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. दीड तास कधीच संपून जायचा, बाहेर उन्हं उतरायची. माझा आकडा उतरत होता, गोळी बारीक होत चालली होती. पण मला आकड्याचं काही नव्हतं. मला सोमवारी रात्रीपासून उद्या हिला कशावरून बोलायचं ते सुचत असायचं.

मनात एकच खुपायचं. हिला पगार मिळत असणार. माझ्याकडून उठून ही दुसरीकडे जात असणार, आणि तिथंही आलं कमी आहे म्हणत असणार.

मग तिचा पाय मुरगळला. पेटीनं सांगितलं, या मंगळवारी सोबत तुमच्याकडे येऊ शकत नाही, तुम्ही जाल का? मी गेले. दुसऱ्या मजल्यावर तिची खोली, भिंतीला लागून झेरॉक्सचं जुनं मशीन, त्यावर कापड. बाई पाय उशीवर टाकून पडलेली. मी तिच्याच स्वयंपाकघरात चहा करत होते आणि माझ्या हाताशी तिची पेटी बोलली.

"शैलजाताई, आजची सोबत घेतलीत का?"

गोळी घेतलीत का विचारावं, तसंच. मी चमचा हातात घेऊन तशीच उभी. बाहेरून शैलजानं बारीक आवाजात सांगितलं, "घेतेय."

म्हणजे हिला पगार नव्हता. हिचाही आकडा होता आणि हिच्या चिठ्ठीवर मी होते. मंदाकिनी ढवळे, दर मंगळवारी, जेवणानंतर! आधी मला हसू आलं, मग संताप आला. मी इतके दिवस जिला माझी समजत होते ती डोस पुरा करायला येत होती. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा दुसरं काय करत होते? चहा घेऊन बाहेर गेले. ती खिडकीकडे बघत होती. त्या दिवशी तिनं पत्तेही लपवले नाहीत.

त्याच महिन्याच्या अखेरीला माझी पेटी म्हणाली, "मंदाकिनीताई, अभिनंदन. तुमचा एकलांक नऊ आहे. बीपीची आणि थायरॉइडची गोळी चालू राहील. सोबत चालू ठेवायची का?"

आता बघा. आपल्याला कुणी काही देऊ केलं की आपण काय म्हणतो? घरात तसं शिकवलेलंच असतं. पाहुण्याकडे गेलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, हावरटासारखं हो म्हणायचं नाही. शिवाय तिच्या घरातलं ते ऐकल्यापासून मला वाटत होतं, बिचारी पाय ओढत येणार, तिलाही नको झालं असेल. माझ्या तोंडून निघालं, "नको हो. कशाला उगीच त्यांना त्रास?"

"ठीक आहे. नोंद केली आहे," पेटी म्हणाली.

मी थांबले. दुसऱ्यांदा विचारायची रीत असते. निदान "बघा हं" तरी म्हणतात. पेटीनं दिवा विझवला.

"अगं ए," मी म्हटलं. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तुमची सूचना समजली नाही," पेटी म्हणाली.

पुढच्या मंगळवारी कुणी आलं नाही. मी चहा टाकला होता, दोन कपांचा. फोन करायचा होता. नंबर काढला आणि वाटलं, तिला तरी कुठं वाटला एक फोन करावासा? तिच्या पेटीनं सांगितलंच असेल की ढवळेबाईंनी नको म्हटलंय. तिला माझं काही असतं तर ती तणतणत आली असती. कोर्स संपल्यावर उरलेली गोळी कुणी आवडीनं खातं का? मग मी तिची कोण? असं करत तो मंगळवार गेला, पुढचाही गेला. कुकरशी बोलायचंही मी सोडलं. घरात इतकं शांत झालं की पेटी बोलली तरी दचकायला व्हायचं.

मी न बोलावता दवाखान्यात गेले. तन्वी दचकली. तिथं न बोलावता हल्ली कुणी जात नाही.

"सोबत परत चालू कर," मी म्हटलं.

तिनं पडदा बघितला. "काकू, तुमचा आकडा अकरा आहे. वीसच्या वर गेला की आपोआप चालू होईल. साधारण दोन महिन्यांत जाईल असं दिसतंय."

"म्हणजे बरं वाटण्यासाठी आधी आजारी पडू?"

ती ओशाळली. म्हणाली, "नियम मी नाही केलेले. गावात सोबत मागणारे इतके आहेत की ज्यांचा आकडा जास्त त्यांना आधी द्यावी लागते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि शैलजाताईंचा एकदम वर गेला. त्यांना या मंगळवारपासून दुसरी सोबत लावून दिलीय."

दुसरी!

"पण काकू, त्याला चिठ्ठी कशाला हवी? तुम्ही अशाच जा ना त्यांच्याकडे," तन्वी म्हणाली.

अशाच जा. पंचविशीतल्या पोरीला काय सांगायचं? अशीच गेले आणि दारात तिनं विचारलं, "काय काम काढलंत?" तर काय सांगू? आजवर ती माझ्याकडे आली ती चिठ्ठीवर लिहिलं होतं म्हणून. चिठ्ठी नसताना मला दार उघडेल की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. आणि ते कळायची मला भीती वाटत होती, सरळच सांगते. नाही उघडलं तर मंगळवारची आशाही उरणार नव्हती.

तरी गेले. मंगळवारीच गेले, कारण दुसऱ्या वारी जायचं कसं ते मला माहीत नव्हतं.

दार शैलजानंच उघडलं. चष्मा लावून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. आत खुर्चीवर एक गृहस्थ बसलेले, पांढरा शर्ट, टोपी मांडीवर, हात टोपीवर. समोर पाण्याचा पेला, न प्यायलेला. ही नवी सोबत असणार.

"इकडून चालले होते," मी म्हटलं. तिच्या घराकडून कुठंच जाता येत नाही, गल्ली तिथंच संपते.

"तुम्ही नको म्हणालात म्हणे," ती म्हणाली.

"पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणतं का हो?" मी म्हटलं. "मला वाटलं, परत विचारेल."

तिचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं रडणार, तर बाई हसायला लागली. चौकट धरून हसायला लागली. "अगं मंदे," ती म्हणाली, आणि आजवर तिनं मला अहो सोडून कधी काही म्हटलं नव्हतं, "मलापण विचारलं होतं पेटीनं. मीपण नकोच म्हणाले. म्हटलं, एकदम हो म्हणणं बरं दिसत नाही."

"मग फोन का नाही केलास?"

"तू का नाही केलास?"

मग आम्ही दोघी तिथं दारातच हसत सुटलो. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिच्याही. मला आत ओढून तिनं दार लोटलं, कॉटवर बसवलं, आणि मी किती वाळलेय ते सांगायला लागली. मी म्हटलं, तू तर भोपळ्यासारखी सुटलीस. ती म्हणाली, दुःखानं खाते मी. महिन्याचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं.

ते गृहस्थ कधी उभे राहिले ते कळलं नाही. टोपी डोक्यावर घालून म्हणाले, "तुमच्या मैत्रीण आल्यात. मी निघतो."

"अहो उंबरजे, बसा की," शैलजा म्हणाली. "चहा टाकते."

"नको नको. आत्ताच झाला."

"बरं तर," शैलजा म्हणाली. मीही हसून मान डोलावली. ते गेले, आम्ही दार लावलं.

मग चहा झाला, धपाट्यांवरून भांडण झालं, पत्ते निघाले, लपवले गेले, धरले गेले. मी तिला म्हटलं की आता पेटीला काही सांगायचं नाही, मी तुझ्याकडे गुरुवारी पण येणार. ती म्हणाली, शनिवारी कोण अडवतंय? पोट दुखेस्तोवर हसलो. पलीकडच्या घरातले दिवे लागले तेव्हा मी उठले.

जिना उतरले. खालच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं, पाठ भिंतीला टेकून. टोपीवरून ओळखलं.

"उंबरजे? तुम्ही गेला नाहीत?"

ते गडबडीनं उठायला लागले. "नाही, म्हणजे, निघालोच. दीड तास पुरा व्हायला हवा ना. माझा ठिपका त्यांचा ठिपका इथपर्यंत धरतो, जिन्याच्या खाली गेलं की तुटतो. डोस चुकला की मुलीला निरोप जातो, मग ती तिकडे काळजी करत बसते." दंडावर हात ठेवून त्यांनी खाली बघितलं. "आता कधीच झाला दीड तास. उठायचं राहिलं."



"तुमचं हसणं खालपर्यंत ऐकू येत होतं," ते म्हणाले. "फार बरं वाटलं. तेवढंही धरतो की काय, कोण जाणे."

पायरी अरुंद होती. मी पिशवी खाली ठेवली.

"सरका थोडं," मी म्हटलं, आणि वरच्या मजल्याकडे तोंड करून शैलजाला हाक मारली.